शंभराच्या आत माफी : यानुश कोर्चाक आणि मुलांचं कोर्ट

एका डॉक्टरवर सहा महिन्यांत पाच खटले झाले. पहिला, एका मुलाच्या कानशिलात मारली म्हणून. दुसरा, एकाला झोपायच्या खोलीबाहेर काढलं म्हणून. तिसरा, एकाला कोपऱ्यात उभं केलं म्हणून. चौथा, न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून. आणि पाचवा, एका मुलीवर चोरीचा खोटा संशय घेतला म्हणून. गंमत म्हणजे हे पाचही खटले डॉक्टरांनी स्वतःच स्वतःवर भरले होते, आणि निकाल देणारे न्यायाधीश होते दहा-बारा वर्षांची अनाथ मुलं!

ही गोष्ट पोलंडमधल्या वॉर्सा शहरातली. डॉक्टरांचं नाव यानुश कोर्चाक. जगात त्यांची ओळख बहुतेक वेळा त्यांच्या मरणामुळे होते, कारण ते मरण आहेच तसं. पण मला विचाराल तर त्यांचं जगणं जास्त महत्त्वाचं आहे. लहान मुलांना बरं-वाईट कसं शिकवायचं, या प्रश्नाचं जे उत्तर त्यांनी शोधलं, तसं फार कमी लोकांनी शोधलं असेल. ते उत्तर एका वाक्यात सांगायचं तर असं : मुलांना नीतीचे धडे देऊ नका, त्यांना खरे निर्णय घ्यायला द्या.

कोर्चाक हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हेन्रिक गोल्डश्मित. जन्म वॉर्साचा, 22 जुलैचा. साल मात्र 1878 की 1879 हे त्यांना स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं, कारण वडिलांनी जन्माची नोंद करायला उशीर केला. वडील वकील, घर सुखवस्तू. पोलंड तेव्हा स्वतंत्र नव्हता, वॉर्सावर रशियाच्या झारचं राज्य होतं. घर ज्यू होतं, पण बोलणं-चालणं सगळं पोलिश. आपण ज्यू आहोत म्हणजे नेमके काय आहोत, हे लहानग्या हेन्रिकला माहीतच नव्हतं. ते कळलं एका कॅनरी पक्ष्यामुळे!

पाच-एक वर्षांचा असताना त्याचा लाडका कॅनरी मेला. त्याने तो एका डबीत ठेवला आणि अंगणातल्या झाडाखाली पुरला. वर लाकडाचा क्रॉस लावायचा होता. पण कामवाल्या बाईने मना केलं, एका पक्ष्यासाठी क्रॉस लावणं पाप आहे म्हणाली. त्यावर बिल्डिंगच्या रखवालदाराच्या मुलाने आणखी भर घातली. कॅनरी ज्यू होता, कारण त्याचा मालक ज्यू आहे, आणि ज्यू लोक स्वर्गात जात नाहीत! पाच वर्षांच्या मुलाला पडलेला हा पहिला मोठा नैतिक प्रश्न. तो त्यांनी म्हातारपणी आपल्या डायरीत लिहून ठेवलाय, म्हणजे साठ वर्षं तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता.

दुसरी आठवण त्याच वयातली. त्याने आजीला गुपचूप एक प्लॅन सांगितला. जगातला सगळा पैसाच बंद करून टाकायचा. म्हणजे मळकट कपड्यांची, उपाशी मुलं उरणार नाहीत आणि अंगणात त्यांच्याशी खेळायला आपल्याला कोणी अडवणार नाही. प्लॅन अर्थातच फसणारा होता. पण बघा, पाच वर्षांचं पोर न्याय-अन्यायाचा विचार करतंय, कारण शोधतंय, उपाय सुचवतंय. लहान मुलांना काय कळतंय, असं म्हणणाऱ्यांसाठी कोर्चाक पुढे आयुष्यभर हेच सांगत राहिले की मूल हे उद्या माणूस होणार नसतं, ते आजच माणूस असतं.

शाळेचा अनुभव मात्र वाईट. पहिल्याच शाळेत एका मुलाला सगळ्या वर्गासमोर फटके मारलेले त्याने पाहिले. घरी तो इतका घाबरून राहू लागला की काही महिन्यांत आईवडिलांनी त्याला त्या शाळेतून काढलं. पुढे वडिलांना मानसिक आजार झाला. इस्पितळाच्या खर्चात घरातलं एक-एक सामान विकलं गेलं. 1896 साली वडील वारले. हेन्रिक तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा, म्हणजे आपल्या एफ.ई.च्या वयाचा. श्रीमंत घरांतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने घर चालवलं. शिकवणीला जाताना दप्तरात गमतीजमतीच्या वस्तू घेऊन जायचा, आधी मुलांशी गप्पा आणि मग अभ्यास. 1898 मध्ये एका नाट्यलेखन स्पर्धेसाठी त्याने टोपणनाव घेतलं, ते एका जुन्या पोलिश कादंबरीतल्या पात्राचं. तेच नाव कायमचं चिकटलं : यानुश कोर्चाक.

1905 मध्ये ते डॉक्टर झाले आणि लगेच रशिया-जपान युद्धावर लष्करी डॉक्टर म्हणून रवाना झाले. परत आल्यावर वॉर्सातल्या मुलांच्या इस्पितळात नोकरी. प्रॅक्टिस जोरात, पुस्तकंही गाजायला लागली होती. श्रीमंतांकडून भरपूर फी घ्यायची आणि गरिबांना जवळपास फुकट तपासायचं, असा त्यांचा हिशोब. सगळं छान चाललं होतं. पण एक गोष्ट त्यांना खात होती. मूल बरं होऊन घरी जायचं आणि पुन्हा त्याच ओल्या, अंधाऱ्या, उपाशी खोलीत पडायचं. औषधाने ताप उतरतो, पण मुलाचं आयुष्य बदलत नाही. मग मुलांसोबतच राहायचं, असा निर्णय त्यांनी घेतला. हा निर्णय सोपा नव्हता. आजारी मुलांना आपण सोडून आलो ही टोचणी त्यांना शेवटपर्यंत होती, आणि ती त्यांनी लपवलीही नाही. दोन बऱ्या गोष्टींतून एक निवडली की दुसरी सुटल्याचं दुःख उरतंच, हे ते जाणून होते.

1912 च्या ऑक्टोबरमध्ये वॉर्साच्या क्रोखमाल्ना रस्त्यावर 92 नंबरच्या नव्या इमारतीत ज्यू अनाथ मुलांचं घर सुरू झालं. सुमारे शंभर मुलंमुली. डॉक्टर संचालक, आणि रोजचं सगळं घर सांभाळणाऱ्या स्टेफानिया विल्चिन्स्का. मुलं त्यांना स्टेफाबाई म्हणत. (कोर्चाकांवरच्या लेखांत स्टेफाबाईंना दोन ओळी मिळतात. खरं तर तीस वर्षं घर उभं राहिलं ते त्यांच्याच खांद्यावर. डॉक्टर दोन युद्धांवर गेले तेव्हाही घर चालूच होतं!)

आता या घराची सिस्टिम बघा. इंजिनिअरिंगच्या पोरांना आवडेल अशी आहे.

घरातली सगळी कामं मुलांची. झाडलोट, भांडी, लायब्ररी, लहानांची काळजी. कोणतंही काम हलकं नाही. केरसुणी आणि फडकं यांना डॉक्टर मुद्दाम दर्शनी जागी ठेवायला लावत. नवीन मूल आलं की त्याला पहिले तीन महिने एक मोठं मूल पालक म्हणून मिळायचं. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीवर आठ वर्षांच्या एका हट्टी पोराची जबाबदारी. महिनाभराने सगळ्या मुलांनी त्या नव्या मुलाबद्दल मत द्यायचं : आवडतो, आवडत नाही, किंवा काहीच वाटत नाही. वर्षानंतर पुन्हा मतदान. निकाल वाईट आला तर सुधारायची संधी, आणि नंतर पुन्हा मतदान मागायचा हक्क.

सापडलेल्या वस्तूंसाठी काचेचं कपाट होतं. बटण असो की तुटकी पेन्सिल, सापडली की कपाटात. कारण मोठ्यांच्या दृष्टीने कचरा असलेली वस्तू मुलाची इस्टेट असू शकते, आणि दुसऱ्याच्या वस्तूचा मान राखायला इथूनच शिकता येतं.

सगळ्यात भारी म्हणजे पैजा! आठवड्यातून एकदा मुलं डॉक्टरांकडे येऊन पैज लावायची. या आठवड्यात मी फक्त इतक्याच वेळा मारामारी करीन, किंवा इतक्याच वेळा खोटं बोलेन. एकदम शून्यावर येण्याची पैज डॉक्टर सहसा घ्यायचे नाहीत. ती हरणार हे ठरलेलं, मग कमी आकड्यापासून सुरू करायचं आणि हळूहळू खाली यायचं. आठवड्याने मुलाने यायचं आणि जिंकलो की हरलो ते सांगायचं. जिंकलं की चॉकलेट. आणि तपासणी? काहीच नाही. मुलाचा शब्द हाच पुरावा. खोटं सांगून चॉकलेट मिळवणं अगदी सोपं होतं, आणि तेच तर त्या पैजेचं मर्म होतं. फसवणं शक्य असताना न फसवण्याचा सराव.

आता मुख्य गोष्ट, कोर्ट.

आपल्या शाळांत काय होतं ते आठवा. बाई ऑफिसमध्ये गेल्या की मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो. ज्याचं नाव फळ्यावर, तो गुन्हेगार. केस संपली! अपील नाही, साक्ष नाही, आणि मॉनिटरच्या मित्राचं नाव फळ्यावर कधीच नाही. कोर्चाकांच्या घरातही फळा होता आणि त्यावर नावं लिहिली जात. पण तिथे नाव लिहिल्यावर केस संपत नसे, सुरू होत असे. ज्याला तक्रार करायची त्याने आपलं नाव आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्याचं नाव लिहायचं. कोणावरही करता येते, मुलावर, शिक्षकावर, किंवा स्वतःवरसुद्धा. मग सुनावणीपर्यंत थांबायचं. या थांबण्यातच अर्धं काम व्हायचं. राग उतरायचा आणि बऱ्याच केसेस मुलं आपणहून मागे घ्यायची.

कोर्ट आठवड्यातून एकदा बसे. न्यायाधीश पाच, सगळे मुलांमधलेच. निवडणूक नाही, चिठ्ठ्या टाकून. अट एकच, त्या आठवड्यात त्या मुलावर केस नसली पाहिजे. शिक्षक सेक्रेटरी म्हणून बसायचे, साक्षी लिहून घ्यायचे, वाचून दाखवायचे. पण त्यांना मत नव्हतं!

चिठ्ठ्या टाकण्यातली युक्ती लक्षात घ्या. आज जो न्यायाधीश आहे, तो पुढच्या आठवड्यात आरोपी असू शकतो. आज दुसऱ्याला समजून घेतलं नाही तर उद्या आपल्यालाही कोणी समजून घेणार नाही. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा, असं नीतीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. इथे सिस्टिमच तुम्हाला त्या जागी नेऊन ठेवत होती.

कोर्चाकांनी या कोर्टासाठी कायद्याचं पुस्तक लिहिलं, आणि ते वाचण्यासारखं आहे. कलमं 1 ते 99 सगळी माफीची किंवा केस सोडून देण्याची. तक्रार करणाऱ्याने माफ केलं. चूक नकळत झाली. गंमत करताना झाली. रागाच्या भरात झाली. आरोपीला पश्चात्ताप आहे. तो सुधारायचा मनापासून प्रयत्न करतोय. आरोपीने जे केलं तो त्याचा हक्कच होता. माफीसुद्धा कोणत्या कारणाने, ते न्यायाधीशांना ठरवावं लागे. नुसतं जाऊ दे म्हणून चालत नसे. नकळत आणि रागात यांत फरक काय? पश्चात्ताप खरा की शिक्षा चुकवायला? दहा वर्षांची पोरं यावर डोकं चालवत बसायची. एथिकल रीझनिंग म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

मग 99 नंतर एकदम 100. कलम 100 म्हणजे कोर्ट माफ करत नाही, आरोपीने ते कृत्य केलं आहे एवढंच जाहीर करतं. शिक्षा काहीच नाही. 200 म्हणजे त्याने चुकीचं केलं. 300, 400 म्हणजे दोष आणखी गंभीर. 500 ला निकाल नावासकट घराच्या वर्तमानपत्रात. 600 ला फळ्यावरसुद्धा. 700 ला नातेवाइकांना कळवायचं. 900 म्हणजे फार झालं, आता कोणीतरी या मुलाची जबाबदारी घ्यायला उभं राहिलं तरच तो घरात राहील. आणि 1000 म्हणजे घरातून बाहेर. पण 1000 वाल्यालासुद्धा तीन महिन्यांनी परत यायला अर्ज करता येत असे. छडी कुठेच नाही, उपाशी ठेवणं नाही, कोंडणं नाही. आणि बहुतेक सगळ्या केसेस शंभराच्या आतच संपायच्या. डॉक्टरांवरच्या पाचही केसेस शंभराच्या आत सुटल्या.

माफी एवढी स्वस्त, मग मुलं शेफारली नाहीत का? शेफारली! आणि हा भाग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण कोर्चाकांनी तो स्वतःच लिहून ठेवलाय. सुरुवातीला कोर्टाची काही मुलांनी टर उडवली. कोर्ट काय, माफच करतं, असं म्हणत ती आणखी दंगा करू लागली. काहींनी केस करीन ही धमकी म्हणून वापरायला सुरुवात केली. क्षुल्लक गोष्टींच्या तक्रारींचा ढीग पडला आणि गंभीर गोष्टी मागे राहिल्या. सज्जन मुलांचं रक्षण करायला काढलेलं कोर्ट दांडगटांच्या हातात जातंय असं दिसल्यावर डॉक्टरांनी काय केलं? कोर्ट चार आठवडे चक्क बंद ठेवलं. सिस्टिममध्ये बग सापडलाय तर आधी थांबा, शोधा, दुरुस्त करा!

पुन्हा सुरू करताना बदल केले. निकाल पटला नाही तर महिन्याने पुन्हा सुनावणी मागता येईल. काही अवघड केसेस एका लहान मंडळाकडे जातील, त्यात एक शिक्षक आणि मुलांनी निवडलेले दोन न्यायाधीश. आणि तिसरा बदल सगळ्यात मोठा. मोठ्यांवर केस करायचा मुलांचा हक्क स्पष्ट लिहिला गेला. म्हणजे मुलं कोर्टाची किंमत करत नाहीत याचा उपाय म्हणून त्यांनी कोर्टाचे अधिकार कमी नाही केले, वाढवले! हे कोर्ट आपल्याला खेळायला दिलेलं खेळणं आहे असं मुलांना वाटत असेल, तर ती त्याच्याशी खेळणारच. ते खरं आहे हे त्यांना तेव्हाच पटणार, जेव्हा मोठी माणसंसुद्धा त्याच्यासमोर उभी राहतील. स्वतःवर पाच केसेस करण्यामागे हे कारण होतं. त्या पाच केसेसनी आपल्याला न्यायी शिक्षक व्हायला शिकवलं, असं ते म्हणत.

मॉरल सायन्सचा तास कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या सगळ्यांना आठवत असेल. धड्यात एक चांगला मुलगा, एक वाईट मुलगा, आणि खाली प्रश्न. उत्तर धडा वाचायच्या आधीच माहीत असतं. त्यात ठरवायला काही नसतंच. वाईट आहे असं नाही, पण ते म्हणजे पोहण्यावरचं पुस्तक वाचण्यासारखं. कोर्चाकांनी मुलांना पाण्यात उतरवलं. पाणी मात्र मुलांच्या उंचीचं होतं, आणि काठावर ते स्वतः उभे होते.

पहिल्या महायुद्धात ते पुन्हा लष्करी डॉक्टर. तोफांच्या आवाजात, फील्ड हॉस्पिटलमध्ये त्यांनी मुलांवर प्रेम कसं करावं या विषयावरचं आपलं मोठं पुस्तक लिहायला घेतलं. 1918 मध्ये पोलंड स्वतंत्र झाला, आणि लगेच सोव्हिएत रशियाशी युद्ध. त्या काळात कोर्चाकांना टायफस झाला. त्यांची शुश्रूषा करताना आईला तो लागला आणि 1920 मध्ये आई गेली. या धक्क्यातून ते फार हळूहळू सावरले.

मारिया फाल्स्का या बाईंनी पोलिश मुलांसाठी काढलेल्या दुसऱ्या अनाथ घरातही कोर्चाक काम करत. 1923 च्या सुमारास त्यांची 'राजा मॅट पहिला' ही मुलांची कादंबरी आली आणि पोलंडमधल्या घराघरात पोचली. त्यातला छोटा राजा मुलांना पार्लमेंट देतो. मुलं ठरवतात की आता मोठ्यांनी शाळेत जायचं आणि कामं आम्ही करणार. मग रेल्वे, टेलिफोन, सैन्य, सगळ्याचा बोजवारा उडतो, शत्रू चालून येतो आणि मॅटला एका बेटावर हद्दपार व्हावं लागतं. मुलांच्या हक्कांचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता आणि त्याच्याच पुस्तकात मुलांचं राज्य कोसळतं! कारण त्यांना भाबडेपणा मान्य नव्हता. अधिकार द्यायचा तर टप्प्याटप्प्याने, नियमांसह, चूक दुरुस्त करायची सोय ठेवून. एका रात्रीत सगळं देऊन टाकणं हेसुद्धा बेजबाबदारपणाच.

1926 मध्ये त्यांनी मुलांचं वर्तमानपत्र सुरू केलं. एका मोठ्या दैनिकासोबत शुक्रवारी निघणारी ही पुरवणी मुलंच लिहायची, देशभरातून बातम्या पाठवायची. 1939 मध्ये युद्ध सुरू होईपर्यंत ती चालली. 1934 पासून रेडिओवर म्हातारा डॉक्टर या नावाने ते मुलांशी गप्पा मारू लागले आणि आवाज घराघरांत पोचला. नाव टोपण का? कारण पोलंडमध्ये ज्यूद्वेष वाढत होता, ज्यू माणूस पोलिश मुलांना घडवतोय हे अनेकांना खपत नव्हतं. 1936 मध्ये तो कार्यक्रम बंद पडलाच.

एक टीका इथे सांगितली पाहिजे. घरातून बाहेर पडलेल्या काही मुलांचीच ती होती. डॉक्टर, तुम्ही आम्हाला न्यायाची सवय लावलीत, पण बाहेरचं जग तसं नाही. बाहेर फसवणारे आहेत, मारणारे आहेत, आणि तिथे फळ्यावर नाव लिहून केस करता येत नाही. टीका खोटी नव्हती. आजही कोणी मुलांना प्रामाणिकपणा शिकवायला गेलं की आपणही हेच म्हणतो ना? प्रॅक्टिकल व्हा! पण मग प्रश्न असा की ज्याने न्याय कधी पाहिलाच नाही, त्याला अन्याय ओळखू तरी येईल का?

याचं उत्तर शोधायची सगळ्यात भयंकर परीक्षा पुढे होती.

1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. वर्षभरात वॉर्सातल्या ज्यूंना एका भिंतीआड कोंडण्याचा हुकूम निघाला, तेच वॉर्साचं घेट्टो. नोव्हेंबर 1940 मध्ये अनाथ घराला क्रोखमाल्नाची इमारत सोडून आत जावं लागलं. आत जाताना मुलांच्या बटाट्यांची गाडी जर्मनांनी जप्त केली. कोर्चाक जुना पोलिश लष्करी गणवेश घालून थेट गेस्टापोच्या ऑफिसात तक्रार करायला गेले. ज्यूंनी दंडावर पट्टी बांधलीच पाहिजे असा कायदा होता, ती त्यांनी बांधली नव्हती. कधीच बांधली नाही. त्यांना मारहाण झाली आणि पावियाक तुरुंगात टाकलं. साधारण महिन्याने, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पैसे भरून त्यांना सोडवून आणलं.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. ज्या माणसाने मुलांसाठी कलमांचं पुस्तक लिहिलं, नियमांना एवढा मान दिला, तोच माणूस एक कायदा उघडपणे मोडतोय. यात विसंगती नाही. कायदा आहे आणि तो न्यायाचा आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच तर त्या कोर्टात मुलं शिकत होती. आपल्याला गांधीजींमुळे हे नवीन नाही.

घेट्टोत भूक आणि टायफस. मुलांची संख्या वाढत जाऊन दोनशेच्या घरात गेली. साठी ओलांडलेले, हृदय आणि पाय सुजलेले डॉक्टर रोज पोतं घेऊन दारोदार फिरत, मुलांसाठी अन्न मागत. तरी घरात शाळा चालू, कामांची वाटणी चालू, वर्तमानपत्र चालू.

18 जुलै 1942 रोजी मुलांनी एक नाटक केलं. रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर'! आपल्या बंगालमधल्या या नाटकात अमल नावाचा आजारी मुलगा आहे. वैद्याने त्याला खोलीबाहेर पडायला बंदी केलीय. तो खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट बघतो, आणि शेवटी शांतपणे झोपी जातो. भिंतीआड कोंडलेल्या मुलांना हे नाटक समजावून सांगायची गरज नव्हती. हेच नाटक का, असं विचारल्यावर मुलांनी मृत्यूला शांतपणे सामोरं जायला शिकावं म्हणून, असं कोर्चाक म्हणाल्याचं सांगतात.

चारच दिवसांनी, 22 जुलैला, घेट्टोतून लोकांना छावण्यांत पाठवायला सुरुवात झाली. ज्यू मंडळाचे प्रमुख आदाम चेर्नियाकोव्ह यांनी निदान अनाथ मुलांना वगळा म्हणून धडपड केली. जमलं नाही. 23 जुलैला त्यांनी आत्महत्या केली.

कोर्चाकांना वाचायची संधी एकदा नाही, अनेकदा आली होती. घेट्टोबाहेरच्या पोलिश मित्रांनी खोटी ओळखपत्रं आणि लपायची जागा यांची तयारी केली होती. त्यांनी दर वेळी नाही म्हटलं. मुलांना एकटं सोडायचं नाही, एवढं साधं कारण. स्टेफाबाई तर युद्धाआधी पॅलेस्टाइनमध्ये होत्या. 1939 मध्ये त्या मुलांसाठी परत आल्या आणि मग इथेच राहिल्या.

5 ऑगस्ट 1942 ची सकाळ. घराला हुकूम आला. सुमारे दोनशे मुलं, डॉक्टर, स्टेफाबाई आणि बाकीचे शिक्षक रांगा करून रस्त्यावर आले आणि रेल्वेच्या मैदानाकडे चालत गेले. या चालण्याबद्दल अनेक दंतकथा तयार झाल्या आहेत. त्या सगळ्या बाजूला ठेवल्या तरी बघणाऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट उरते. आरडाओरडा नव्हता. मुलं ओळीत होती आणि डॉक्टर त्यांच्यासोबत होते. ट्रेब्लिन्काला गेलेल्या त्या गाडीतून कोणीही परत आलं नाही.

आज ट्रेब्लिन्काला हजारो ओबडधोबड दगड उभे केले आहेत, नष्ट झालेल्या गावांची आठवण म्हणून. माणसाचं नाव असलेला दगड त्यांत एकच आहे. त्यावर कोर्चाकांची दोन्ही नावं आहेत, आणि पुढे लिहिलंय : आणि मुलं.

1978 मध्ये पोलंडने संयुक्त राष्ट्रांपुढे मुलांच्या हक्कांच्या कराराचा प्रस्ताव मांडला, त्यामागे कोर्चाकांच्या विचारांची प्रेरणा होती. 20 नोव्हेंबर 1989 रोजी तो मंजूर झाला आणि 1992 मध्ये भारतानेही तो स्वीकारला. त्यातलं 12 वं कलम म्हणतं की मुलाशी संबंधित गोष्टींत मुलाचं मत ऐकलं गेलं पाहिजे. म्हणजे कागदावर तरी आपण सगळे मान्य करून बसलोय!

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण उद्या अशा जागी बसणार आहोत जिथे आपली एक सही महत्त्वाची असेल. पुलाचं काँक्रीट पास करायचं की नाही, बॉयलरचा टेस्ट रिपोर्ट खरा लिहायचा की नाही. त्या क्षणी कुठलाही धडा आठवणार नाही. वरिष्ठ घाई करत असतील, समोर माणूस वाट बघत असेल, आणि फसवणं अगदी सोपं असेल. तपासणी करणारं कोणी नाही आणि आपला शब्द हाच पुरावा, याची सवय तेविसाव्या वर्षी अचानक कशी लागणार? ती लागायची तर आठव्या वर्षी, एका चॉकलेटच्या पैजेवर. एखाद्या शाळेने प्रयोग करायचा ठरवला तर फार खर्च नाही. एक फळा, पाच चिठ्ठ्या. अवघड गोष्ट एकच आहे. त्या फळ्यावर कधीतरी मोठ्यांचंही नाव येईल, आणि तेव्हा त्यांना पाच पोरांसमोर उभं राहून आपली बाजू मांडावी लागेल.